सिरपूरला निघण्याआधी: सॉफ्ट फोटोंचं कारण शनिवारीच शोधा

रविवारी पहाटे इंदूरच्या सिरपूर तलावावर पक्ष्यांचे फोटो काढायला जायचं असेल तर तयारीला शनिवारी सकाळीच बसा. सगळ्यात आधी मागच्या खेपेचे बिघडलेले, म्हणजे सॉफ्ट, धार नसलेले फोटो काढा. ते पुसून टाकले असतील तर यापुढे पुसू नका, कारण कशाची दुरुस्ती करायची ते त्यांच्यावरूनच कळतं. लॅपटॉपवर प्रत्येक फोटो शंभर टक्क्यांवर उघडा आणि पक्ष्याच्या डोळ्याइतकंच आजूबाजूचंही नीट पाहा. फांदी, पानं, पाणी, सगळंच एका दिशेला फरफटलं असेल तर आपला हात हलला. फांदी रेखीव आणि पंख पुसट असतील तर पक्षी हलला. खंड्या सॉफ्ट पण त्याच्या मागची गवताची काडी धारदार असेल तर फोकस काडीने पळवला. आणि फरफट कुठेच नाही, पण कडा पाण्याखालून पाहिल्यासारख्या लहरताहेत, एका फ्रेममध्ये बऱ्या आणि लगेच पुढच्या फ्रेममध्ये वाईट, तर तो दोष हवेचा. एवढं ओळखल्याशिवाय लेन्सवर संशय घेऊ नका.

मी तो घेतला होता. इंदूरजवळच्याच यशवंत सागर जलाशयावर सारसांची जोडी छान उजेडात दिसली, पण घरी येऊन पाहिलं तर एकही फोटो नीट नव्हता. लेन्स दुरुस्तीला दिली, पैसे भरले, तरी पुढच्या खेपेलाही तेच. मग एकदा कंटाळून गाडीबाहेर उतरले, त्याच जागेवरून त्याच अंतरावरचे फोटो काढले, आणि सारसाच्या मानेवरचं पीस न् पीस दिसलं. थंडी म्हणून मी हीटर लावून, काच खाली करून, लेन्स खिडकीत टेकवून बसत होते. गाडीतली गरम हवा बाहेरच्या गार हवेत मिसळत होती ती नेमकी लेन्ससमोर. म्हणून हीटर बंद, सगळ्या काचा दहा-पंधरा मिनिटं आधीच खाली, आणि स्वेटर जाड घ्या.

हवेचं हे प्रकरण आणखीही आहे. घरातल्या उबेतून काढलेली मोठी लेन्स गार व्हायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो, आणि तोवर हुडमध्ये, म्हणजे लेन्सच्या तोंडावरच्या नळकांड्यात, अडकलेली हवासुद्धा फोटो बिघडवते. तलावावर पोहोचल्या पोहोचल्या कॅमेरा बाहेर काढून ठेवा, मग चहा घ्या. जानेवारीच्या पहाटे पाणी हवेपेक्षा गरम असतं, तेव्हा पाण्यालगत दूरवर पोहणाऱ्या थापट्या बदकांचे फोटो ऊन नसतानाही लहरतात. ऊन चढल्यावर काठची जमीन तापते आणि तोच त्रास नव्याने सुरू होतो. यावर कुठलंही सेटिंग चालत नाही. जवळचा पक्षी निवडायचा, एवढंच हातात असतं.

आता लेन्सची परीक्षा. गच्ची तापायच्या आत करा, नाहीतर तापलेल्या सिमेंटवरची हवा परीक्षाच खोटी ठरवेल. खोक्यावर वर्तमानपत्राचं पान ताणून चिकटवा. ४०० मिमीची लेन्स असेल तर ते १० ते १५ मीटरवर उभं करा, कॅमेरा ट्रायपॉडवर, स्टॅबिलायझर (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद, दोन सेकंदांचा टायमर, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र) पूर्ण उघडं. दरवेळी फोकस मुद्दाम बिघडवून पुन्हा लावत दहा फोटो काढा. डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा असेल तर तेच लाइव्ह व्ह्यूमधून, म्हणजे मागच्या पडद्यावर पाहून, पुन्हा करा. लाइव्ह व्ह्यूचे फोटो धारदार आणि व्ह्यूफाइंडरचे सगळेच सॉफ्ट आले, तर एएफ फाइन ट्यून, म्हणजे ऑटोफोकसची बारीक जुळणी करायला हवी. मिररलेस, म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्यात फोकस सेन्सरवरच मोजला जातो, त्यामुळे तिथे ही तफावत नसते. मग यूव्ही फिल्टर लावून आणि काढून तेच फोटो घ्या. स्वस्त फिल्टर लांब लेन्सवर किती धार खातो हे डोळ्यांनी पाहिलंत की तो पुन्हा लावावासा वाटणार नाही. शेवटी कॅमेरा हातात धरून १/२५०, १/५००, १/१००० सेकंदाच्या शटर स्पीडवर फोटो काढा, म्हणजे आपला हात कुठपर्यंत साथ देतो ते कळेल. सेन्सरवरची धूळ पाहायला एफ १६ वर मोकळ्या आकाशाचा एक फोटो पुरे.

सेटिंग रात्रीच लावून ठेवा. बसलेल्या पक्ष्याला १/८०० च्या आसपास, उडणाऱ्याला १/२००० किंवा त्याहून जास्त, ऑटो आयएसओची (कॅमेरा स्वतः ठरवतो त्या प्रकाश-संवेदनशीलतेची) मर्यादा ६४००. आयएसओला घाबरून अंधारे फोटो काढणं आणि नंतर ते उजळणं ही मला सर्रास दिसणारी चूक आहे. फोटोतले रवाळ दाणे त्यानेच वाढतात. काळ्याभोर पाण्यावरच्या पांढऱ्या बगळ्याला एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप कमी करा, नाहीतर पिसं जळतात, म्हणजे नुसती पांढरी दिसतात. वेलींमध्ये शिरलेल्या जांभळ्या पाणकोंबडीसाठी डोळा शोधणाऱ्या फोकसवर विसंबू नका, एकच लहान बिंदू ठेवा. क्रॉप (लहान आकाराच्या) सेन्सरवर ४०० मिमी, एफ ५.६ आणि पक्षी ५ मीटरवर असेल तर फोकसमध्ये येणारी खोली जेमतेम साडेतीन सेंटिमीटर असते, म्हणजे डोळा साधला तर शेपटी सुटणारच. लेन्सने किती अंतरात फोकस शोधायचा ते ठरवणारं फोकस लिमिटरचं बटणही पाहून घ्या. ते लांबच्या अंतरावर राहिलं आणि खंड्या जवळ येऊन बसला, की लेन्स नुसती घरघरत राहते.

बॅटरी, कार्ड हे सांगायला नको. जुन्या अभ्र्यात दोन-तीन किलो तांदूळ भरून शिवलेली पिशवी मात्र घ्या, गाडीच्या खिडकीवर लेन्स टेकवायला ट्रायपॉडपेक्षा ती बरी.

क्रॉप करून करून पक्षी मोठा केला की दाणे, धुरकटपणा, हललेला हात, सगळंच मोठं होतं. यावर जवळ जाणं हाच खरा उपाय, पण पक्ष्याच्या मर्जीने. सिरपूर आणि यशवंत सागर दोन्ही २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेले. होळकरांच्या काळात बांधलेल्या सिरपूरच्या काठाशी आज शहर येऊन टेकलंय, म्हणून तिथे पक्ष्यांना लागणारा निवांतपणा आपणच जपायचा. सूर्य पाठीशी येईल अशी जागा धरून उजाडायच्या आत बसा आणि हलू नका. अर्ध्या तासात शेकाटे (लांब पायांचे पाणपक्षी) आपसूक जवळ येतात. सारस मान ताठ करून आपल्याकडे पाहू लागला तर एक पाऊलही पुढे नको.

परतल्यावर गार झालेला कॅमेरा थेट स्वयंपाकघराच्या वाफेत नेऊ नका, काचेवर दव धरतं. कार्ड तलावावरच काढून खिशात ठेवा आणि पोहे-जिलेबी होऊन तासभर जाईपर्यंत बॅगेची चेन बंदच राहू द्या.