आदिम मराठवाडा रचताय? या चुका टाळा

कथेतली टोळी अजिंठ्याच्या लेण्यात झोपली की जाणता वाचक तिथंच पुस्तक मिटतो. ती लेणी छिन्नी-हातोड्यानं कोरलेली. सर्वांत जुनी इ.स.पू. २ऱ्या-१ल्या शतकातली. आपला काळा पाषाण चुनखडीसारखा पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे त्यात लांबलचक गुहा तयार होत नाहीत. लाव्ह्याच्या दोन थरांमधला मऊ तांबडा थर झिजून उथळ कपारी होतात, तेवढ्याच. टोळीला पावसापुरतं तिथं शिरू द्या, एरवी मुक्काम नदीकाठी उघड्यावर.

काळाची गल्लत झालीच असेल तर ६६ फुटी दोर आखा. एक फूट म्हणजे दहा लाख वर्षं. डायनोसॉर पहिल्या टोकाला संपतात. आपली मानवजात उगवते ती शेवटच्या चार बोटांत. दोघं एकत्र हवेच असतील तर खुशाल घ्या, पण ही अद्भुतकथा आहे हे पहिल्या पानावरच कळू द्या.

प्राणी निवडताना परदेशी चित्रपटांतले केसाळ मॅमथ कशाला? मांजरेच्या खोऱ्यात पाणघोड्यांचे आणि हत्तींचे जीवाश्म मिळालेत. शेजारच्या खानदेशात, पाटणे या गावी, शहामृगाच्या अंड्यांची कोरीव कवचं निघाली. मात्र पाणघोडा घेतलात तर वैशाखातही न आटणारा डोह नकाशावर आधी काढा. शिकारी प्राण्यांचाही हिशेब करा. एक वाघ वर्षाला हरणाएवढी साधारण ५० जनावरं मारतो. कळप टिकायचा तर पाचशे हवीत. दरीत वीस वाघ सोडलेत तर दहा हजार जनावरांना चारा कुठून आणणार?

सर्वांत फसवं ते रान. बालाघाटातलं सीताफळ इतकं आपलं वाटतं की ते हमखास कथेत घुसतं. सीताफळ, मिरची, भुईमूग, वेडी बाभळ ही सगळी मंडळी मूळची अमेरिकेतली, गेल्या पाचेकशे वर्षांत आलेली. ज्वारी आफ्रिकेतून आली, तीही शेतीच्या काळात. त्यांच्या जागी बोर, चारोळी, टेंभुर्णी लावा.

हत्यारं लिहिताना हातकुऱ्हाड बसाल्टची, म्हणजे आपल्या त्याच काळ्या पाषाणाची ठेवा. नंतरच्या काळातली बोटाएवढी पाती मात्र नांगरटीत वर येतात तसल्या गारगोट्यांची. दगडावर दगड आपटून कपचा पाडायचा, त्यानं कातडं सोलायचं, बोथट झाला की फेकून दुसरा पाडायचा. घासून गुळगुळीत केलेली कुऱ्हाड दिसली की तुमची टोळी नवाश्मयुगात, म्हणजे शेतीच्या काळात पोचलीच समजा.