जुन्या ब्रॉन्कोच्या इंजेक्शन इंजिनासाठी हेडर कसे निवडावे

१९६६ ते १९७७ या काळातील फोर्ड ब्रॉन्कोत ५ लिटरचे व्ही-८ इंजिन इंधन-इंजेक्शनसह बसवले असेल, तर हेडर, म्हणजे सिलिंडरांतून निघणारा धूर एक्झॉस्टच्या पाइपात नेणाऱ्या नळ्यांचा संच, निवडताना अश्वशक्तीच्या जाहिराती बाजूला ठेवाव्यात. इंजेक्शनच्या इंजिनात हेडरचे पहिले काम ऑक्सिजन सेन्सरला खरे वाचन मिळवून देणे हे आहे; हा सेन्सर धुरातील ऑक्सिजन मोजतो आणि त्यावरून इंजिनाचा संगणक इंधन ठरवतो.

प्रथम सिलिंडर हेड ओळखावे. फोर्ड एक्सप्लोरर या गाडीतून काढलेल्या इंजिनाच्या हेडवर टोकाला चार उभ्या पट्ट्या ओतलेल्या दिसल्या, तर ते जीटी-४०पी प्रकारचे हेड असते. त्यातील स्पार्क प्लगचा कोन वेगळा असल्यामुळे त्याच हेडसाठी बनवलेले हेडर घ्यावे, अन्यथा प्लगच्या वायरी नळ्यांना टेकून जळतात.

नळ्या आखूडच घ्याव्यात. ब्रॉन्कोचा पुढचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे पुढच्या चाकांकडे शक्ती नेणारा दांडा, डाव्या बाजूने जातो, आणि लांब नळ्या खडकाळ वाटेवर सर्वांत आधी ठेचल्या जातात. मूळ स्थितीतील इंजिनाला दीड इंची नळी पुरते.

खरी कसोटी सेन्सरच्या जागेची आणि फ्लँजची, म्हणजे हेडर ज्या पट्टीने सिलिंडर हेडला बोल्टने आवळतात तिची, आहे. सेन्सर चारही नळ्या एकत्र येतात तिथे, म्हणजे कलेक्टरमध्ये असावा. तो एकाच नळीत बसवला, तर एकाच सिलिंडरवरून संगणक त्या बाजूच्या चारही सिलिंडरांचे इंधन ठरवतो. तो कलेक्टरपासून फार दूर, मागच्या पाइपात ढकलणेही चूक, कारण साधा सेन्सर सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय भरवशाचे वाचन देत नाही. त्याचे टोक खाली झुकलेले आणि बाहेरचा भाग आडव्या रेषेच्या किमान १० अंश वर राहील असा तो बसवावा, म्हणजे साचलेले पाणी त्याला फोडणार नाही.

फ्लँजच्या जाडीवर मात्र कोणतीही तडजोड करू नये. मी एकदा पातळ फ्लँजचे स्वस्त हेडर घेतले. दोन महिने प्लग काजळत राहिले, म्हणून मी इंजेक्टर बदलले, इंधनाचा दाब तपासला, वायरिंग उघडले. दोष मात्र डाव्या बाजूच्या वाकलेल्या फ्लँजमधील केसाएवढ्या फटीत निघाला. एक्झॉस्टच्या दोन ठोक्यांमध्ये नळीतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली येतो, फटीतून हवा आत ओढली जाते, सेन्सर मिश्रण पातळ असल्याचे कळवतो आणि संगणक विनाकारण इंधन वाढवत राहतो. कार्ब्युरेटरच्या इंजिनात ही फट फक्त टकटक करते, म्हणून त्या इंजिनांवर हात बसलेल्या मंडळींचा ‘थोडी गळती चालते’ हा सल्ला इथे मुळीच ऐकू नये. तीन अष्टमांश इंच जाडीचा फ्लँज घ्यावा आणि सपाट पट्टी ठेवून तो दुकानातच तपासावा.

बसवल्यावर इंजिन बंद असताना मागच्या पाइपातून व्हॅक्यूम क्लीनरच्या फुंकणाऱ्या नळीने हवा भरावी आणि सांध्यांवर साबणाचे पाणी फवारावे. बुडबुडे आले, तर हेडर पुन्हा खोलावे. दोन-तीनदा तापून थंड झाल्यावर सगळे बोल्ट, इंजिन गार असतानाच, पुन्हा आवळावेत.