उरलेली तंदुरी: फ्रीझरमध्ये ठेवताना आणि पुन्हा गरम करताना

गच्चीवर शेगडी पेटली की टिक्का, तंगडी, सीख कबाब थोडे उरतातच. महिन्याभरानेही ते चवीने खाता येतात, पण जेवणं आटोपेपर्यंत थांबू नका. उरणार असं दिसलं की लगेच बाजूला काढा. शिजलेलं मांस बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहता कामा नये. पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात आणि त्यातल्या काहींनी सोडलेलं विष नंतर उकळूनही जात नाही. रात्रभर ओट्यावर झाकून राहिलेली तंगडी जीव तुटला तरी टाकून द्या.

सळया काढा, कांदा-चटणी लागलेले तुकडे वेगळे करा. बाकीचे स्वच्छ ताटात एका थरात पसरून पंख्याखाली अर्धा तास ठेवा. कच्चं चिकन मुरवलेली परात यासाठी वापरू नका. गरम तुकडे पिशवीत भरले तर आतल्या वाफेचा बर्फ होतो आणि सुटताना मसाला धुऊन निघतो.

फ्रीझरमध्ये मांसाचा खरा वैरी म्हणजे हवा. अर्धवट भरलेल्या स्टीलच्या डब्यात ती भरपूर राहते, म्हणून तुकड्यांच्या कडा पांढरट, चामट होतात. झिपची जाड पिशवी घ्या, एका वेळेपुरतं, म्हणजे पाव किलो भरा. झिप बोटभर उघडी ठेवून पिशवी पाण्याच्या पातेल्यात हळूहळू बुडवा, तोंड मात्र पाण्याबाहेर. पाण्याच्या दाबाने पिशवी तुकड्यांना घट्ट बिलगते. मग झिप लावा, तारीख लिहा.

उणे १८ अंशांवर दोन-तीन महिने चव टिकते. एकदारी फ्रिजचा बर्फाचा कप्पा बहुधा इतका थंड नसतो, तिथलं आठवडाभरात संपवा. कोळंबी आणि पापलेट मात्र फ्रीझरमध्ये टाकूच नका, रबरासारखे होतात. फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी खा.

आदल्या रात्री पिशवी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात उतरवा. घाई असेल तर बंद पिशवी गार पाण्यात ठेवा, दर अर्ध्या तासाने पाणी बदला आणि सुटल्याबरोबर गरम करायला घ्या.

गरम करायला जाड तवा सगळ्यात बरा. मंद आच, तुकडे, कडेने दोन चमचे पाणी, वर झाकण. पाच-सहा मिनिटांत वाफ आतपर्यंत जाते. मध्ये एकदा उलटा. मग झाकण काढून मिनिटभर मोठी आच, की कडा पुन्हा खरपूस. तंगडीला हाडापर्यंत दोन चिरा द्या, नाहीतर हाडालगत थंडच राहते. आतलं तापमान ७४ अंश हवं; थर्मामीटर नसेल तर मधोमध कापून वाफ येते का पाहा. ओव्हन असेल तर फॉइलमध्ये गुंडाळून १६० अंशांवर १५ मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये कडा वातड होतात आणि मध्य गार राहतो.

फ्रीझरमधल्या मांसाला कधी शिळकट वास येतो, तो चरबीचा. त्याला धुंगार द्या: भांड्यात तुकड्यांच्या मधोमध वाटी, तिच्यात लाल निखारा, त्यावर अर्धा चमचा तूप, घट्ट झाकण. दोन मिनिटं पुरे, जास्त झालं की कडवटपणा येतो. लिंबू आणि चाट मसाला ताटात वाढतानाच. एवढं करूनही टिक्का कोरडा वाटला तर बारीक तोडून कांदा-टोमॅटोच्या रश्शात सोडा.