शाळेचं वाचनाचं चॅलेंज घरी कसं जमवायचं

15 ऑक्टोबर म्हणजे डॉ. कलामांचा जन्मदिवस, आपल्याकडे वाचन प्रेरणा दिन, आणि त्याच्या आसपास बऱ्याच शाळा चॅलेंज देतात, इतकी पुस्तकं वाचा, वहीत नोंद करा, पालकांची सही आणा. आता इकडे विदर्भात नेमकी तेव्हाच सोयाबीनची काढणी, कापसाचा पहिला वेचा तोंडावर, वावरातून थकून आलेल्या मायबापानं लेकराजवळ बसावं कधी? म्हणून वेगळा टाइम काढूच नका. सयपाक चालू असताना पोट्ट्याला तिथंच बसवा आणि मोठ्यानं वाचायला लावा, तुमचे हात कामात, कान त्याच्याकडे.

सगळ्यात भारी श्रोता म्हणजे आजी, त्यातही जिला वाचता येत नाही ती. ती चुका काढत नाही, ती फक्त "मंग काय झालं?" विचारते, अन् त्या एका प्रश्नापायी पोरगं पुढचं पान उलटते.

अडलं तर लगेच तोंडात शब्द देऊ नका. 'शेतकऱ्याने' मधल्या 'ऱ्या'वर बहुतेक पोरं अडतात, थोडं थांबा, शेत, मग शेतकरी, असं तोडून त्यालाच जुळवू द्या. एकाच पानावर पाच-सहा शब्दांवर अडत असेल तर पुस्तक जड आहे, बदला, त्यात कमीपणा कायचा. आणि वाचून झाल्यावर "काय बोध घेतला" हे तर विचारूच नका बाप्पा, सगळी मजा तिथंच जाते.

पुस्तकं कुठून? आधी शाळेच्या पेटीतली घरी मागा, काही ठिकाणी फाटतील म्हणून कुलपातच ठेवतात, तिथं दोनचार पालकांनी मिळून गुरुजींना बोला. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघते, त्याचे जुने अंक त्यांच्या साइटवर फुकट आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हर या साइटवर पण मराठी गोष्टी फुकट, अन् लेव्हल 1 ते 4 अशा लावलेल्या, पहिलीतल्या पोरासाठी 1 पासूनच सुरू करा. रेंज नसते तर बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेलं की चारपाच डाउनलोड करून आणा.

वहीत फक्त नाव अन् पानं लिहिण्यापेक्षा "कोणाला वाचून दाखवलं" असा एक रकाना आखून द्या. आजी, काका, शेजारची ताई, नावं वाढत जातात, अन् मग पोरगं स्वतःच गिऱ्हाईक शोधत फिरते. शेजारच्या पोराची किती झाली ते मात्र काढू नका, नाहीतर वाचल्याशिवायच नोंदी पडतात.