व्हॉल्यूमवाला जुना सीडी प्लेअर निवडताना

स्वतःचा व्हॉल्यूम असलेला सीडी प्लेअर लोक बहुतेक वेळा एकाच कारणासाठी शोधतात. मधला प्री-ॲम्प (पॉवर ॲम्पच्या आधी आवाजाची पातळी ठरवणारा डबा) काढून टाकायचा आणि प्लेअर थेट पॉवर ॲम्पला किंवा ॲक्टिव्ह स्पीकरला जोडायचा. ऐकणं फक्त सीडीवरूनच होणार असेल तर बेत चांगला आहे. एक डबा कमी, केबलची एक जोडी कमी. मात्र असा जुना प्लेअर घेताना एकाच पेटीत दोन यंत्रं घरी येतात: एक सीडी वाचणारं, दुसरं आवाज कमी-जास्त करणारं. पहिलं सगळे नीट तपासतात. दुसऱ्याचा नुसता नॉब फिरवून बघतात आणि नेमके तिथेच फसतात.

सगळ्यात नेहमीची फसगत हेडफोनच्या नॉबची. पुढच्या बाजूला हेडफोनच्या सॉकेटशेजारी छोटा नॉब असतो, विकणारा त्याच्याकडे बोट दाखवून "व्हॉल्यूम आहे की" म्हणतो, आणि त्याला बिचाऱ्यालाही माहीत नसतं की तो नॉब फक्त हेडफोनचा आहे. मागच्या आरसीए सॉकेटमधून (ॲम्पकडे जाणाऱ्या डाव्या-उजव्या गोल सॉकेटमधून) पूर्ण २ व्होल्ट जसेच्या तसे बाहेर पडत असतात. म्हणून मागच्या पॅनेलचा स्पष्ट फोटो आधी मागवावा. तिथे 'व्हेरिएबल' असं छापलेली जोडी हवी. 'फिक्स्ड' आणि 'व्हेरिएबल' अशा दोन जोड्या असतील तर फारच उत्तम. जोडी एकच असेल आणि पुढच्या नॉबपाशी 'लाइन आउट/फोन्स लेव्हल' असं लिहिलेलं असेल, तर तोच नॉब दोन्हीकडे चालतो. सोनीच्या काही प्लेअरवर अशी सोय असे. ऑप्टिकल किंवा कोॲक्सियल डिजिटल आउटपुटवर मात्र या नॉबचा सहसा काही परिणाम होत नाही. बाहेरचा डॅक (डिजिटल आकड्यांचा आवाज करणारा भाग) लावायचा विचार असेल तर हे आधीच लक्षात घ्या.

आता व्हॉल्यूम कोणत्या जातीचा आहे ते ओळखायचं. नॉब दोन्ही टोकांना अडत असेल तर आत बहुतेक साधा पॉट (पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) असतो. रिमोटचं बटण दाबल्यावर नॉब स्वतःच गोल फिरू लागला, तर तो मोटर लावलेला पॉट. नॉब न थांबता फिरत राहतो किंवा नुसती अधिक-उणे बटणं आहेत आणि डिस्प्लेवर आकडे बदलतात, तर काम एखादी व्हॉल्यूमची आयसी (चिप) करत असेल किंवा मग डॅकच्या आधीचा डिजिटल फिल्टर. यातलं नेमकं काय ते बाहेरून कळत नाही, सर्व्हिस मॅन्युअलच बघावं लागतं.

हा फरक महत्त्वाचा का, तर डिजिटल व्हॉल्यूम आवाजाच्या नमुन्यांचे (सीडीवर नोंदलेल्या मापांचे) आकडेच लहान करतो. दर ६ डेसिबलला साधारण एक बिट कमी होतो. सीडीवर १६ बिट असतात. प्लेअरचा डॅकही १६ बिटचाच असेल आणि आवाज २४ डेसिबलने उतरवला, तर हाती उरतात जेमतेम १२ बिट. डॅक २० किंवा २४ बिटचा असेल तर खाली मोकळी जागा असते आणि तेवढीच घट सहज खपून जाते. म्हणून माझं मत सरळ आहे: १६ बिटच्या जमान्यातला प्लेअर असेल तर पॉटवालाच घ्यावा, नंतरच्या काळातला असेल तर डिजिटल व्हॉल्यूमला घाबरायचं कारण नाही.

पण घट किती लागणार? इथे सगळे कमी धरतात. १०० वॉटचा, ८ ओहमवर चालणारा पॉवर ॲम्प पूर्ण ताकदीला सुमारे २८ व्होल्ट देतो. त्याचा गेन (आत आलेलं व्होल्टेज किती पट वाढतं ते) २८ पट असेल तर त्याला आत फक्त १ व्होल्ट पुरतो. घरात नेहमीच्या आवाजात ऐकताना १ वॉटही पुष्कळ होतो, आणि त्यासाठी आत लागतो ०.१ व्होल्ट. प्लेअर देतो २ व्होल्ट. म्हणजे नेहमीच्या ऐकण्यालाच २६ डेसिबलची घट, रात्री हळू ऐकायचं तर आणखी जास्त. व्हॉल्यूम सतत तळाशी ठेवावा लागतो. तिथे डिजिटलमध्ये बिट जातात आणि पॉटमध्ये डावा-उजवा आवाज जुळत नाही. उपाय सोपा आहे: ॲम्पच्या इनपुटला १० किंवा १२ डेसिबलचे आरसीए ॲटेन्युएटर (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारे छोटे प्लग) लावायचे, किंवा ॲम्पवर गेनचा नॉब असेल तर तो उतरवायचा. वाडियाच्या ८६० आणि ८६१ प्लेअरमध्ये तर आतल्या स्विचने कमाल आउटपुटच कमी करता येतं. ते प्लेअर डिजिटल व्हॉल्यूमवर चालतात, त्यामुळे स्विच योग्य जागी ठेवून व्हॉल्यूम वरच्या पट्ट्यात वापरणं हाच त्यांचा खरा वापर.

पॉटवाल्या प्लेअरमध्ये आणखी एक प्रश्न विचारायचा: पॉटच्या पुढे बफर (पॉटला केबलच्या भारापासून वेगळं ठेवणारं सर्किट) आहे का? नसेल तर आउटपुट इम्पीडन्स (आउटपुटचा अंतर्गत अडथळा) पॉटच्या एकूण रेझिस्टन्सच्या पाव भागापर्यंत चढू शकतो. १० किलोओहमचा पॉट असेल तर जास्तीत जास्त २.५ किलोओहम, म्हणजे चिंता नाही. ५० किलोओहमचा असेल तर १२.५ किलोओहम. त्यावर दर मीटरला १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स असलेली केबल १० मीटर ओढली की १२.७ किलोहर्ट्झलाच आवाज ३ डेसिबलने पडलेला असतो. झांजेची चमक गेली म्हणून लोक लेन्स पुसत बसतात! अशा प्लेअरला केबल एक-दीड मीटरचीच ठेवावी आणि ॲम्पचा इनपुट इम्पीडन्स आउटपुटच्या निदान दहापट असावा.

बघायला जाताना काय न्यायचं

एक साधा मल्टिमीटर, हेडफोन, ७४ मिनिटांच्या आसपास भरलेली एक छापील (कारखान्यात बनलेली) सीडी, आणि घरी लिहिलेली एक सीडी-आर. सीडी-आरवर ४०० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा सूर पाचेक मिनिटं भरून ठेवा. १ किलोहर्ट्झचा सूर नको, कारण स्वस्त मल्टिमीटर तिथे चुकीचे आकडे दाखवू शकतात.

सूर लावा, मीटर एसी व्होल्टवर ठेवा, व्हॉल्यूम पूर्ण. आरसीएच्या मधल्या पिनवर आणि बाहेरच्या कड्यावर मोजलं की २ व्होल्टच्या आसपास यायला हवं. मग नॉब हळूहळू उतरवत डाव्या बाजूला १ व्होल्ट, ०.२ व्होल्ट आणि ०.०२ व्होल्ट येईल तिथे थांबा आणि नॉब न हलवता उजवी बाजू मोजा. ०.२ व्होल्टला पाच-सहा टक्क्यांचा फरक म्हणजे अर्धा डेसिबल, तो चालतो. १२ टक्के म्हणजे पूर्ण १ डेसिबल. गायिकेचा आवाज मधून सरकून एका बाजूला जातो. ०.०२ व्होल्टला जुने पॉट थोडे ढळतातच, पण तुमचं रोजचं ऐकणं तिथेच होणार असेल तर तो प्लेअर सोडा किंवा ॲटेन्युएटरची तयारी ठेवा.

मग हेडफोन लावून नॉब सावकाश फिरवा. खरखर सगळीकडे सारखी असेल तर पॉटमध्ये धूळ आहे, कॉन्टॅक्ट क्लीनरने ती जाते. एकाच ठिकाणी आवाज तुटत असेल तर आतली पट्टी झिजली आहे, तिथे क्लीनरचा उपयोग नाही. मोटरवाल्या पॉटमध्ये मोटरचा आवाज येतो पण नॉब फिरत नाही, असंही होतं; क्लच घसरत असतो.

डिजिटल व्हॉल्यूमची परीक्षा कानांनीच होते. पियानोचा शेवटचा सूर विरत जातो असा ट्रॅक निवडा. प्लेअरचा आवाज ३० डेसिबलने उतरवा, तो साध्या इंटिग्रेटेड ॲम्पला जोडून ॲम्पचा नॉब चढवा आणि ती विरणारी शेपटी ऐका. ती मऊपणे शांततेत मिसळली तर ठीक. शेवटी खडबडीत झाली, वाळू चाळल्यासारखी चिरचिरली, तर बिट कापले जात आहेत. पुढचा ट्रॅक सुरू व्हायच्या आत ॲम्प उतरवा, नाहीतर ट्वीटर (बारीक सुरांचा छोटा स्पीकर) जाईल.

यापेक्षाही मोठा धोका प्लेअर सुरू करतानाचा. काही प्लेअर प्लग काढून पुन्हा लावला की व्हॉल्यूम पूर्ण चढवूनच जागे होतात. थेट पॉवर ॲम्पला जोडलेलं असताना हे झालं तर स्पीकर गेलाच समजा. म्हणून प्लग काढा, पाच मिनिटं थांबा, पुन्हा लावा आणि आकडा काय येतो ते बघा. सीडी न चालवता आउटपुटवर डीसीही मोजा: काही मिलिव्होल्ट ठीक, ५० च्या वर असेल तर प्लेअर ठेवून द्या, कारण डीसी-कपल्ड ॲम्प (डीसी अडवणारा कपॅसिटर नसलेला) हे व्होल्टेज वाढवून थेट वूफरवर टाकतो. आणि वापरताना ॲम्प शेवटी सुरू, आधी बंद.

यंत्राचा भाग थोडक्यात. सीडी आतून बाहेर वाचली जाते. सुरुवातीला मिनिटाला ५०० च्या आसपास फेरे, शेवटी २०० च्या. सुरुवातीची ट्रॅकची यादी वाचायलाच धडपडत असेल तर स्पिंडल मोटर (डिस्क फिरवणारी) किंवा लेझर संशयित. फक्त शेवटच्या ट्रॅकला उड्या मारत असेल तर स्लेडचं (लेझर आत-बाहेर सरकवणाऱ्या भागाचं) वाळलेलं ग्रीस किंवा डिस्कचं डुलणं. छापील सीडी चालते आणि सीडी-आर अडते, तर लेझर थकलेला असू शकतो. फार जुने प्लेअर मात्र मुळातच सीडी-आरला कुरकुरतात, त्यांना व्हॉल्यूमच्या चाचणीसाठी छापील टेस्ट सीडी द्या. सीडी-आरडब्ल्यू (पुसून पुन्हा लिहिता येणारी सीडी) न चालणं हा दोष धरू नये, तिचं परावर्तनच फार कमी असतं. ट्रे अर्धवट थांबणं म्हणजे बहुधा सैल झालेला रबरी बेल्ट, तो बदलणं सोपं. प्लेअर तासभर चालू ठेवा. गरम झाल्यावर येणारे दोष पाच मिनिटांत दिसत नाहीत.

काही जण पिकअपवरचा (लेझर आणि लेन्स असलेल्या भागावरचा) छोटा प्रीसेट, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचा पॉट, फिरवून मरणाऱ्या लेझरला काही आठवड्यांची उसनी ताकद देतात, हेही माहीत असू द्या. सोनीच्या केएसएस पिकअपच्या लेबलवर मूळ करंट छापलेला असतो: ०५६९ म्हणजे ५६.९ मिलिॲम्पिअर. सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे मोजलेला करंट त्याहून दहा टक्क्यांहून जास्त आला तर लेझर संपत आला आहे. झाकण उघडून चालवताना लेन्समध्ये डोकावू नका. तो किरण डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही, पण इजा करू शकतो. केएसएस-२१३ सारख्या पिकअपला पर्याय मिळतात, फिलिप्सचे जुने स्विंग-आर्म सीडीएम मात्र दुसऱ्या जुन्या प्लेअरमधूनच काढावे लागतात.

रिमोट नसेल तर विचारा की व्हॉल्यूम पुढच्या पॅनेलवरून चालतो का. काहींवर तो फक्त रिमोटनेच चालतो, आणि त्या मॉडेलचा मूळ रिमोट शोधणं प्लेअर शोधण्यापेक्षा जड जातं. मागच्या पट्टीवरचं व्होल्टेज वाचा. १०० किंवा १२० व्होल्टचा प्लेअर २३० वर लावला तर ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि उचलण्याआधी प्लेअर उलटा करून वाहतुकीचा स्क्रू आहे का बघा. असेल तर तो आवळूनच न्यायचा, आणि घरी आल्यावर सैल केल्याशिवाय सीडी घालायची नाही.