पावसाळ्यात छापलेली लॅम्पशेड

वेंगुर्ल्यात जुलै महिना. मित्राच्या वर्कशॉपमधल्या रोबोटिक हाताला दाणे वितळवून थरावर थर रचणारा थ्रीडी प्रिंटिंगचा एक्स्ट्रूडर बसवलेला, आणि पोत्यात पुनर्वापराच्या पीईटीजी या प्लास्टिकचे दाणे. पडवीसाठी लॅम्पशेड छापायला घेतली, तर थरांत बुडबुडे आणि कडेला जळमटांसारखे धागे! आई डोकावून म्हणाली, "फोडणी दिल्यासारखं काय चरचरतंय रे?"

मी नोझल (वितळलेलं प्लास्टिक बाहेर पडतं ते तोंड) बदललं, तापमान उतरवलं, वेग कमी केला. दोन दिवस फुकट. खरं निदान आईनेच केलं होतं: चरचर पाण्याची. हे प्लास्टिक हवेतला दमटपणा शोषतं. नोझलमध्ये त्याची वाफ होते, शिवाय पाण्याने प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्या तुटून थर ठिसूळ होतात. आमच्याकडे मिठाला पाणी सुटतं, तिथे उघड्या पोत्याचं काय!

दाणे ड्रायरमध्ये ६५ अंशांवर ६ तास ठेवले, गरम असतानाच हॉपरमध्ये (दाणे भरायच्या नरसाळ्यात) ओतून झाकण लावलं. आवाज बंद, थर काचेसारखे. उरलेले दाणे सिलिका जेलसकट चकल्यांच्या घट्ट डब्यात. (आईला दुसरा डबा आणून दिला.)

आत जुना ६० वॅटचा बल्ब नकोच. पीईटीजी ८० अंशांच्या आसपास मऊ पडतं. ७ वॅटचा एलईडी लावला, वर-खाली हवेला वाट ठेवली. थर सुरू होतो तिथली शिवण दिसतेच, ती भिंतीकडे फिरवली.