वैशाखातला मांडव आणि भाड्याचे कूलर: आधी काय काय बघून ठेवायचं

मुहूर्त दुपारी 12 वाजून 35 मिनिटांचा, जागा शाळेचं पटांगण आणि माणूस सातशे. एवढं ठरलं की आमच्या चिकोडी-निपाणीकडं बैठकीतलं कुणीतरी म्हणतंच, "चार कूलर सांगून टाका." चारच का, हे कुणी विचारत नाही. घरातल्या तीन लग्नांत हे खातं माझ्या गळ्यात पडलं. पहिल्या लग्नात मी पण चारच सांगितले होते, आणि मांडवातली निम्मी माणसं अक्षता टाकून बाहेर चिंचेच्या सावलीला जाऊन बसली होती. त्यानंतर जे कळत गेलं ते इथं लिहितोय.

कूलर सांगायच्या आधी लग्न कुठं आहे ते बघा. बेळगाव जिल्हा एकच असला तरी हवा एक नाही. अथणी, रायबागकडची दुपार कोरडी ठाक असते, ओला टॉवेल दांडीवर टाकला तर जेवण होईपर्यंत वाळतो. खानापूर, जांबोटीकडं घाट जवळ, झाडी दाट, तिथं तोच टॉवेल संध्याकाळपर्यंत दमट राहतो. बेळगाव शहर आणि आमचा भाग या दोन्हींच्या मधे. हा टॉवेल महत्त्वाचा, कारण कूलरचं सगळं काम त्याच्यासारखंच चालतं. कूलर आपल्या अंगची थंडी देत नाही. तो बाहेरची हवा ओल्या पॅडमधून ओढतो, पाण्याची वाफ होते आणि ती वाफ होताना हवेतली उष्णता खाते. माठातलं पाणी गार होतं त्याच न्यायानं. हवा आधीच ओली असेल तर पाणी वाफ होणार कशाला?

आकड्यात सांगतो. पारा 40 अंशांवर आणि हवेत दमटपणा 20 टक्के असेल, तर चांगल्या पॅडचा कूलर 26-27 अंशांची हवा तोंडावर मारतो. 36 अंश आणि 40 टक्क्यांना 27-28 मिळते, तेही वाईट नाही. पण वळीव पडून गेल्यावरच्या दिवशी 32 अंश आणि 70 टक्के दमटपणा असला, की जेमतेम साडेतीन अंशांचा फरक पडतो आणि वर अंग चिकट होतं ते वेगळंच. त्या दिवशी पाण्याचा पंप बंद करून नुसता पंखा चालू ठेवावा, जास्त बरं वाटतं.

हे घरबसल्या तपासता येतं. भिंतीवरचे साधे दोन थर्मामीटर घ्या. एकाच्या खालच्या गोळ्याला सुती धोतराची चिंधी गुंडाळून ओली करा, दोन्ही सावलीत टेबलफॅनसमोर दहा मिनिटं धरा. कोरड्याचा आणि ओल्याचा आकडा यात जो फरक पडेल त्याच्या पाऊण हिश्शाला थोडं वर, एवढीच थंडी कूलर देऊ शकतो. फरक 12 च्या वर असेल तर बिनघोर कूलर सांगा. पाच-सहाच असेल तर ते पैसे मोठ्या पंख्यांवर आणि सरबतावर घाला. मुहूर्ताच्याच वेळेला बघायचं, सकाळी आठ वाजता बघून उपयोग नाही.

आता किती कूलर. बंद कार्यालय असेल तर हिशेब सोपा आहे. लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये गुणा आणि त्याला 30 नं गुणा, म्हणजे तासाला 30 वेळा आतली हवा बदलली पाहिजे. 20 बाय 12 चा हॉल, उंची 4 मीटर, म्हणजे 960 घनमीटर. तिसानं गुणलं तर ताशी 28,800 घनमीटर हवा लागली. प्रत्येक कूलरच्या पाठीवर त्याचा आकडा लिहिलेला असतो. तो मोकळ्या हवेतला आणि जरा फुगवलेला असतो हे धरून एखादा जास्त सांगावा. मोकळ्या मांडवात मात्र हा हिशेब चालत नाही. चारी बाजू उघड्या, हवा केव्हाच शेतात निघून जाते. तिथं मांडव गार करायच्या भानगडीत पडू नका, माणसं गार करा. म्हातारी मंडळी कुठं बसणार, लेकुरवाळ्या बायका कुठं, पंगत कुठं, एवढं आधी ठरवा आणि कूलरचा झोत त्या जागांवर आणा. झोत किती लांब जातो याबद्दल भाड्यानं देणारा जे सांगेल त्याच्या निम्म्यावर भरवसा ठेवावा.

कूलर ठेवण्यात सगळ्यात जास्त चुका होतात. दुसऱ्या लग्नात आम्ही एका मोठ्या पत्र्याच्या शेडात सहा कूलर लावले आणि थंडी बाहेर जाऊ नये म्हणून तिन्ही बाजूंना कापडं सोडली. अर्ध्या तासात आतली हवा धोब्याच्या भट्टीसारखी झाली. नवरीच्या कपाळावरची मळवट ओघळायला लागली. माझी चुलती, जी कधी शाळेत गेली नाही, ती उठली आणि म्हणाली, "अरं बाबा, आत आलेलं वारं जाणार कुठनं?" तिनं समोरचं कापड ओढून खाली पाडलं आणि पाच मिनिटांत फरक कळला. कूलर जेवढी हवा आत ढकलतो तेवढीच बाहेर जायला वाट पाहिजे. नाहीतर तीच ओली हवा पुन्हा पुन्हा फिरते. म्हणून कूलरची पाठ मांडवाच्या बाहेर, सावलीत, आणि समोरची बाजू उघडी. आमच्याकडं दुपारनंतर वारं बहुधा पश्चिमेकडनं येतं, तर कूलर पश्चिमेला लावून पूर्वेची बाजू मोकळी सोडावी. वाऱ्याशी भांडण नको. डोक्यावर पत्रा असेल तर खाली कापडाची जाड झालर आणि वर ओली पोती टाका. तापलेला पत्रा वरनं भाजत असताना खालून कूलर बिचारा काय करणार.

कुठं लावू नये हेही ठरवा. होमाच्या तोंडावर नको, राख भटजींच्या डोळ्यात जाते. आचाऱ्याच्या शेगड्यांवर नको. पंगतीकडं झोत असला तरी तो थेट पानांवर नको, पत्रावळ्या उडतात आणि पापड वाढेपर्यंत मऊ पडतात. माईकच्या जवळचा कूलर मंगलाष्टकांपुरता बंद करायला एक पोरगा नेमा, नाहीतर "सावधान" ऐकूच येत नाही. घरात गुळाच्या ढेपी नाहीतर तंबाखूची बोदं (गासड्या) ठेवलेली खोली मांडवाला लागून असेल तर झोत तिकडं जाऊ देऊ नका, दोन्हीला ओल चालत नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत वर्कशॉप असलेल्या माझ्या मित्रानं शेडात कूलर लावले, कामगार खूश झाले, आणि पॉलिश करून ठेवलेल्या लोखंडी जॉबवर (तयार सुट्या भागांवर) तांबेरा, म्हणजे गंज धरला. आता तो तयार माल वेगळ्या खोलीत ठेवतो.

पाण्याचा अंदाज लोक फार कमी धरतात. ताशी आठ-नऊ हजार घनमीटर हवेचा मांडवातला मोठा कूलर कडक कोरड्या दुपारी तासाला 35-40 लिटर पितो. असे सहा कूलर पाच तास चालले तर हजार-बाराशे लिटर झाले, तेही स्वयंपाकाचं आणि हातपाय धुण्याचं सोडून. टँकर सांगताना हे धरा आणि भरायला लांब पाईप आधीच बघून ठेवा, घागरीनं भरत बसायला त्या दिवशी कुणाला वेळ नसतो. बोअरचं पाणी जड असेल तर पॅडवर पांढरा थर बसतो, कारण उडून जातं ते पाणी, क्षार मागं राहतो. दिवसातनं एकदा टाकी पूर्ण रिकामी करून नवं पाणी घालावं. कूलर घेताना पॅडला हात लावून बघा. थर कडक झालेला असेल नाहीतर वास येत असेल तर दुसरा मागा. गवताच्या पॅडपेक्षा खाचांचे जाड हनीकोंब पॅड जास्त थंडी देतात आणि टिकतातही. वाळ्याचा सुवास मात्र त्यांना नाही.

बर्फ टाकायचा सल्ला हमखास मिळणार. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता ओढतो त्याच्या सातपट एक लिटर पाणी वाफ होताना ओढतं. बर्फाची लादी आणा, पण ती पन्ह्यासाठी.

विजेबद्दल मात्र हयगय नको. पत्र्याचा कूलर, खाली ओली जमीन, आणि झोतासमोर तोंड करून "आऽऽ" करणारी पोरं, यापेक्षा धोक्याची जोडी नाही. प्रत्येक कूलरला तीन पिनांचाच प्लग, अर्थिंग खरंच जोडलेलं, आणि बोर्डावर 30 मिलीअँपिअरचा गळती ओळखून तोडणारा ब्रेकर. जोड चिकटपट्टीचे नकोत, जमिनीवर पसरलेले तर मुळीच नकोत. वायरमनला मुहूर्ताच्या आदल्या दिवशी बोलवा आणि टेस्टर लावून कूलरचा पत्रा तपासायला लावा. पंख्याच्या आकाराप्रमाणं एक कूलर 300 ते 750 वॅट घेतो. जनरेटर सांगताना लाइट, साउंड आणि कूलर तिन्हींची बेरीज सांगा. कूलर चालू होताना झटका जास्त घेतात, म्हणून सगळे एकदम चालू करू नका.

चार वाजता आभाळ भरून आलं तर पहिलं काम मेन स्विच पाडायचं, मग कापडं आवरायची. वऱ्हाड गेल्यावर सगळे दमलेले असतात आणि कूलर दोन-तीन दिवस अंगणात तसेच पडून राहतात. टाकीतल्या त्या स्वच्छ साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. त्याच रात्री टाक्या उपड्या करून पाणी आंब्याच्या बुंध्यात सोडा, पंखा तासभर कोरडा चालवून पॅड वाळवा आणि मग भाडेवाल्याला फोन करा.